एकसष्ट श्वास

माझ्या मेहुण्याला घरात सगळे 'उत्खनन' म्हणतात. कुणी कधीकाळी सोल किंवा फंक संगीताची एखादी तबकडी काढली असेल, ती खपली नसेल आणि काढणाऱ्यानेही पुढे नाद सोडला असेल, तर ती हुडकून पुन्हा बाजारात आणणं हा त्याचा धंदा. तिच्यातली गाणी साफ करणं हा माझा. शाबासकी त्याच्या वाट्याला जाते, डोकेदुखी माझ्या. गेल्या वर्षीच्या रेगे संगीताच्या अल्बमवर रंगाचा डबा सांडला होता. त्याआधी आफ्रिकन ठेक्यांची एक तबकडी आली, तिच्या कव्हरात मुंग्यांनी संसार थाटला होता.

या वेळी त्याने आणलेली तबकडी एका शिवणकामाच्या दुकानात सापडली होती. कागदाचे नमुने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर वजन म्हणून ठेवलेली. गाणारी बाई म्हणजे दुकानाच्या मालकीणबाईच. पंचविशीत त्यांनी हा एकच अल्बम केला होता, त्याला आता पंचेचाळीस वर्षं झाली.

"भावोजी, सोनं आहे हे!" उत्खनन म्हणाला.

"आणि घासायला कोण बसणार?"

"तुम्हीच की."

खोटं कशाला बोलू, गाणी सुरेख होती. बेस गिटार जेवून शतपावलीला निघाल्यासारखी निवांत चालायची, मागून ट्रम्पेट यायचे आणि बाईंचा आवाज त्या सगळ्यांच्या खांद्यावर हात टाकून पुढे जायचा. मी तबकडी धुतली, वाजवून संगणकात घेतली आणि उत्खननला परत दिली. त्याने ती गाडीत काचेमागे ठेवली आणि स्वतः कुणाशी तरी तीन तास गप्पा मारत बसला. उन्हाने तबकडीची वाटी झाली. मी कपाळावर हात मारला. आता जे काय होतं ते माझ्या संगणकात.

बाईंचा रोज सकाळी दहाला फोन यायचा. प्रत्येक वाक्याआधी त्या असा दणदणीत श्वास घ्यायच्या की मी फोन कानापासून लांब धरायचो.

"काही काढू नका हं," त्या म्हणायच्या.

"बाई, खरखर काढावीच लागते."

"खरखर काढा. माझं काही काढू नका."

"तुमचं काय काढणार मी?"

पालथ्या घड्यावर पाणी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

दुसऱ्या गाण्याच्या शेवटी बाई खोकल्या होत्या. तो खोकला मी काढला. सकाळी फोनवर त्या खुशीत होत्या. म्हणाल्या, इतक्या वर्षांचा खोकला काल दुपारपासून गायब आहे. मी म्हटलं, छान. चौथ्या गाण्यात त्यांच्या बोटातली अंगठी माईकच्या दांड्यावर टकटक वाजत होती, ठेका सोडून. ती टकटक काढायला माझा अख्खा दिवस गेला. दुसऱ्या दिवशी बाई रडवेल्या होत्या. अंगठी सापडत नव्हती. बोटावर वळसुद्धा उरला नव्हता म्हणे. मी म्हटलं, शिवणयंत्राखाली बघा.

मग श्वास. प्रत्येक ओळीआधी तोच दणदणीत श्वास, सगळ्या अल्बमभर मिळून एकसष्ट. आमच्या धंद्यात असे श्वास थोडे दाबतात, पूर्ण कापत नाहीत. पण आधीच वैतागलो होतो, वरून उत्खनन तासातासाला "झालं का?" विचारत होता. मी सगळे कापले.

काढलेला कचरा एकदा ऐकून बघायचा हा माझा नियम आहे, चुकून संगीत जाऊ नये म्हणून. त्यात बाईंचे एकसष्ट श्वास ओळीने लागले होते. गाणं नाही, नुसतं कुणीतरी जिना चढत असल्यासारखं. मला ते ऐकवेना. मी पहिलं गाणं बाईंना पाठवलं, त्या फोनवर "छान आहे" म्हणाल्या आणि त्याबरोबर मी मूळ प्रत आणि कचरा दोन्ही पुसून टाकलं. गिऱ्हाइकाने होकार दिला की पुसायचं, हा माझा दुसरा नियम. सगळी गाणी ऐकून झाल्यावरच पुसायचं, हा त्यातला महत्त्वाचा भाग त्या दिवशी मी विसरलो.

त्या फोनमध्ये काहीतरी कमी होतं. काय, ते ठेवल्यावर लक्षात आलं. मी फोन कानाला लावूनच बोललो होतो.

शुक्रवारी अल्बमसाठी दोन शब्द रेकॉर्ड करायला बाई आल्या. माझ्या स्टुडिओचे तीन जिने त्या न थांबता चढल्या. मी त्यांना माईकसमोर बसवलं आणि काचेच्या अलीकडे येऊन बसलो. माझ्या नाकाचं हाड वाकडं आहे. श्वास घेताना शीळ वाजते, म्हणून माईक चालू असला की मी त्या खोलीत थांबत नाही. रात्री तर मी इतका घोरतो की बायको बावीस वर्षं कानात कापूस घालून झोपते आहे.

बाई बोलत होत्या तेव्हा मशीनवरचा आवाज मोजणारा काटा नाचत होता. त्या थांबल्या की तो शून्यावर पडायचा. माणूस गप्प बसला तरी काटा थोडा हलतो. मी वायर तपासली, माईक बदलला. दुसऱ्या माईकवरही काटा मेल्यासारखा.

"तुमचं मशीनपण बिघडलं का?" बाईंनी विचारलं. "डॉक्टरनेही छातीला लावायचं नळकांडं बदलून बघितलं."

"काय होतंय तुम्हाला?"

"दमच लागत नाही. आधी बरं वाटलं. मग गाऊन बघितलं. सूर लागतो हो, पण ओळ संपत नाही. कुठे थांबायचं तेच कळत नाही. काल शेजारणीने तोंड दाबून धरलं तेव्हा थांबले."

त्यांचे ओठ निळसर दिसत होते. मी आत जाऊन पाण्याचा पेला दिला, तेव्हा त्यांची बोटं लागली. बोटं पेल्यापेक्षा गार होती.

"माझं काढलंत ना तुम्ही?" बाई म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "ते परत घाला. मला घरी जाऊन झोपायची भीती वाटते."

मी त्यांना समजावलं. तबकडी वाजते म्हणजे काय, संगणकात काय साठतं, त्याचा जिवंत माणसाशी काडीचाही संबंध कसा नसतो. बाईंनी ऐकून घेतलं आणि जिना उतरून गेल्या. त्यांच्या पावलांचा आवाज आला. दुसरा कसलाच आला नाही.

पुसलेलं परत मिळवायचा प्रयत्न करताना नाकी नऊ आले. मिळालं नाही. उत्खननला फोन केला, दुसरी प्रत कुठे आहे का विचारायला. तो म्हणाला, "भावोजी, म्हणून तर ती दुर्मीळ!" मी फोन आपटला.

मग मी दार लावून माईकसमोर बसलो. स्वतःवरच चिडलो होतो. पन्नाशीचा शहाणा माणूस काय करतोय, कुणी बघितलं तर काय म्हणेल! पण त्या गार बोटांनी माझी पाठ सोडली नव्हती.

मी श्वास घेतला. शीळ वाजली. काटा हलला.

गाणं पहिलं, ओळ पहिली. तिथे तो ठेवला.

दुसरा. तिसरा.

चाळिसाव्याला छाती रिकामी वाटायला लागली. मी ते थकव्याच्या खाती टाकलं.

एकसष्टावा ठेवून फाइल साठवली, तोच फोन वाजला. संध्याकाळचे सहा वाजले होते. पलीकडे कुणीतरी दणदणीत श्वास घेतला.

"आला," बाई म्हणाल्या. त्या रडत होत्या आणि हसत होत्या. "आला हो! फार उपकार झाले तुमचे. फक्त एवढंच, नाकात कसली तरी शीळ वाजते आहे. सर्दी असेल."

"असेल," मी म्हटलं.

घरी जाऊन मी लवकर झोपलो.

सकाळी बायको चहा घेऊन आली. इतकी टवटवीत ती लग्नानंतर पहिल्यांदाच दिसत होती.

"काल घोरला नाहीस तू," ती म्हणाली. "एकदासुद्धा नाही. ती शीळपण नाही. कापूस काढून झोपले मी. अशी झोप लागली म्हणून सांगू!"

चहा कढत होता. मी त्यावर फुंकर मारली. वाफ होती तशीच, सरळ वर जात राहिली.