अकरा वाजून दहा मिनिटं

“लाइन तुटली की वेळ वहीत लिहून ठेवा. मिनिटासकट हं!”

मोडेम बसवून निघताना मेकॅनिक दारातून म्हणाला होता. कानावर पेन्सिल, हातात गुंडाळलेली वायर... आणि वळणावर एकदा मागे वळून पाहणं. ते मात्र मी वहीत लिहिलं नाही.

अंध मुलांच्या शाळेसाठी मी पुस्तकं टाइप करत असे. फाइल फोनच्या तारेवरून परगावच्या छापखान्यात जायची आणि तिथे तिची बोटांनी वाचायची अक्षरं व्हायची. रोज अकराला मी पाठवायला बसे. पण आठवडाभर भूगोल अर्ध्यावर पोचला की लाइन तुटायची, आणि तुटते न तुटते तोच फोन वाजायचा.

“गेली का फाइल?” मेकॅनिकचाच आवाज.

“नाही हो... आत्ताच तुटली.”

“अरेरे! वायर घट्ट आहे ना? वेग कमी केलात?”

मग वायरवरून गाडी घसरायची ती थेट चहात साखर किती, इथपर्यंत.

“तुझ्या डबड्याला पडसं झालंय,” मामी आतून म्हणायची, “पण डॉक्टर मोठा मायाळू हो!”

मी लाजायचे. वाटायचं, लाइन तुटल्याचं ह्याला लांबून कसं कळतं? मनाला कळत असेल...

शुक्रवारी छापखान्याने बजावलं— आज फाइल आली नाही, तर परीक्षेआधी मुलांना पुस्तक मिळणार नाही. मी वही उघडली. सोमवार, अकरा दहा. मंगळवार, अकरा दहा. बुधवार, गुरुवार... तेच!

आणि लख्खकन आठवलं. गेल्याच महिन्यात मामांनी फोनवर सोय करून घेतली होती— बोलणं चालू असताना दुसरा फोन आला, की ‘टुक्’ ऐकू यावं. माणूस ते कानाआड करतो, मोडेम मात्र बिचकतो. आणि अकरा दहाला फोन करणारं माणूस एकच होतं.

सांगितलं, तर रोजचं ते बोलणं संपणार. नाही सांगितलं, तर...? कोऱ्या कागदावर चाचपडणारी लहान बोटं डोळ्यांपुढे आली. मीच त्याच्या दुकानात फोन लावला.

“बिघाड सापडला.”

“काय होता?”

“...तुम्ही.”

मी त्या ‘टुक्’चं सगळं सांगितलं.

“म्हणजे मी काळजीनं विचारायचो, आणि—”

“तीच काळजी भोवली!”

तो इतका हसला, की मलाही आवरेना.

“ती सोय बंद करता येते. नंबर सांगतो, तो फिरवा. पण मग फाइल जाईपर्यंत माझा फोन लागणारच नाही.”

“नाहीच लागणार.”

“आणि... फाइलचं निमित्तही उरणार नाही.” तो अडखळला. “खरं सांगू? मला तुमचा आवाज ऐकायचा असायचा.”

माझे कान तापले. रिसीव्हर घट्ट धरून मी हळूच म्हणाले, “फाइल गेली, की सांगेन. फोनवर नाही... येऊन. शब्द देते.”

त्याने सांगितलेला नंबर फिरवून मी फाइल पुन्हा पाठवायला बसले. बारा वाजून पाच मिनिटांनी पडद्यावरची पट्टी शेवटाला टेकली. छापखान्याचा निरोप आला— पूर्ण पोचली. मी मनोमन हात जोडले आणि मोडेम बंद केला.

“आता कुठे गं?” मामीने विचारलं.

“इथेच... मेकॅनिकच्या दुकानापर्यंत.”

मामी हसली. मी चपला पायात सरकवल्या आणि दार हळूच ओढून घेतलं.