वच्छलाबाईनं घासलेलं नाणं

माझ्या भाऊजींना या सगळ्यातून मिळणार तरी काय होतं? नागपूरच्या नाणेसंग्राहकांच्या पत्रिकेत दोन ओळी, आणि खाली नाव: मारोतराव, ड्रॉइंग मास्तर, साकोली.

एवढ्याशा फायद्यासाठी माणूस इतका झुरतो, म्हणूनच मला संशय आला.

ही घडलेली गोष्ट आहे. मी धान्याचा व्यापारी. वजनात उन्नीस-बीस दुकानात करत असेन, इथं केलेलं नाही.

१९७९. अक्षयतृतीयेच्या आधीचा आठवडा. एकोडीचं तळं आटत आलेलं. तिथं मासे धरणाऱ्या श्यामलालला गाळात एक तांब्याचं नाणं सापडलं. भाऊजींना नाण्यांचा नाद लागून जेमतेम सहा महिने झाले होते. एका जुन्या छत्रीवर सौदा झाला.

नाणं पार गुळगुळीत. भाऊजी ते उन्हात तिरपं धरत, कागदाखाली ठेवून वरून पेन्सिल फिरवत. डोक्याचा एक उंचवटा उठे, कडेला दोन ग्रीक अक्षरं.

"रोमी राजवटीतलं हाये, टिकाराम. पण रोमचं नाही, पूर्वेकडच्या एखाद्या शहराचं. तिकडे ग्रीक लिहीत. आता हे डोकं कोणाचं, तेवढं समजलं पाह्यजे."

"अन् तिथून एकोडीच्या तळ्यात पोहत आलं का?"

सौद्याच्या दिवशी श्यामलाल जाता जाता म्हणाला होता, "मास्तर, घासू नोका. तळ्यातली चीज आमी मातीसकट ठेवतो."

"काहून?"

छत्री काखेत मारून तो चालू लागला...

मला वाटलं, ठग आहे. माती गेली की खोटेपणा उघडा पडेल, म्हणून सांगतो.

सणाच्या आदल्या दिवशी वच्छलाबाईनं, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीनं, देवाची भांडी चिंच-राखेनं घासली.

त्यांच्यासोबत नाणंही घासलं. लख्ख!

भाऊजी डोक्याला हात लावून बसले. झिजलेलं नाणं घासलं की उरलंसुरलं चित्रही जातं, हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं.

पण चित्र गेलं नाही...

दुसऱ्या दिवशी नाण्यावर नाक दिसू लागलं.

तिसऱ्या दिवशी अंबाडा. ते बाईचं डोकं होतं.

ड्रॉइंग मास्तरचा हात, सुईनं कोरत असणार! मी गुपचूप नाणं सोनाराच्या काट्यावर नेलं. आधीचं वजन भाऊजींनी लिहून ठेवलं होतं. कोरलं असतं तर ते घटलं असतं.

ते दोन गुंजा वाढलं होतं...

त्याच दुपारी सखाबाई दूध घालायला आली. समोर वच्छलाबाई दुधाचं पातेलं घेऊन उभी.

"मास्तरीनबाई कुठं गेल्या वं?"

"सखाबाई, मीच ना!"

आवाजावरून सखाबाई चपापली. आम्ही हसलो. चष्मा घे म्हणालो.

मग शेजारीण चुकली.

मग आमची आई... पोटच्या लेकीला दारातच विचारती झाली, "कोणाकडे आली, माय?"

तेव्हा कोणी हसलं नाही.

"माह्या तोंडात काय बदललं, टिका?" बहिणीनं विचारलं.

मी नीट पाहिलं. नाक, डोळे, सगळं जागच्या जागी. पण नजर खाली वळवली, आणि तिचा चेहरा मला आठवेना...

"भाऊजी, आत्ताच्या आत्ता तळ्यात टाका ते."

"नागपूरले छाप धाडला हाये. आठ दिवस थांब ना बाप्पा."

"फेका ना हो," वच्छलाबाई म्हणाली.

"आठच दिवस, वच्छे."

नवव्या दिवशी पत्र आलं. राणीचं नाव, शहराचं नाव, ओळख पक्की. भाऊजी ओरडतच आत शिरले, "वच्छला! अवं वच्छला!"

ती त्यांच्या समोरच उभी होती.

तिला वळसा घालून ते स्वयंपाकघरात गेले. परत आले. माझ्या कानाशी लागले.

"टिकाराम... ह्या बाई कोण?"

नाणं मीच हिसकावलं आणि एकोडीच्या गाळात फेकून आलो. काही फरक पडला नाही. काय होतं ते, मला अजून कळलेलं नाही.

बहीण आता माझ्या घरी असते. भाऊजींच्या पदरचं त्या जुन्या छत्रीपलीकडे काही गेलं नाही. आईनं शेवटचं पाणी लेकीच्याच हातून घेतलं, पण परकी समजून. मी रोज दारात विचारतो, "बाई, तूच ना?" आणि "हो" येईपर्यंत चौकटीतच थांबतो...

बाकी सगळी किंमत वच्छलाबाईनं भरली.