कोपऱ्यातलं बटण

"कुणाली, काका गेले गो. तुझ्या डब्यानं घात केला."

फोन चुलतभाऊ प्रणितचा होता. गावी शेणव्याला पोहोचेपर्यंत कुणालीच्या कानात तेवढंच घुमत राहिलं.

डबा तिनेच बनवलेला. आत मायक्रोकंट्रोलर, झाकणावर कीपॅड. विहिरीची मोटर त्यावर चाले. बाबांना मोतीबिंदू, बटणं चाचपूनच दाबायचे. म्हणून मोटरसाठी तिने समोरासमोरचे कोपरे निवडले. वर डावीकडे एक : बंद. खाली उजवीकडे डी : चालू. कीपॅडच्या वायरींची पट्टी कुणी डब्यात उलटी खोचू नये म्हणून तिच्या डाव्या कडेला नेलपॉलिशचा लाल ठिपका.

मोटर वाइंडिंगला मुरबाडला गेली होती. प्रणितनेच ती परत आणली. बाबा वायरी जोडायला बसले आणि विजेला चिकटले.

"तेव्हापासून डब्याला सील आहे," किशोर हवालदार म्हणाले. "प्रोग्राम चुकला असेल तर तसं लिहावं लागेल, ताई."

"लिहा. आधी मला विचारू द्या. प्रणित, बाबांनी वीज बंद केली होती?"

"माझ्यासमोर एक दाबला न् बसले."

"मग?"

"किंचाळले. मी धावलो, बटण दाबलं, वीज गेली."

"कुठलं बटण?"

"एक! मला काय एवढं पण कळत नाय?"

"एकदाच दाबलंस?"

"एकदाच गो!"

हवालदारांनी सील तोडलं. कुणालीने मोटरच्या वायरींच्या टोकांना बल्ब जोडला आणि एक दाबलं.

बल्ब लागला.

"बघा! डबाच बिघडलाय!" प्रणित ओरडला.

तिने डी दाबलं. बल्ब विझला.

तिने झाकण उघडलं. लाल ठिपका उजवीकडे होता.

"पट्टी उलटी खोचली की एकाचा डी होतो, डीचा एक. प्रोग्राम बरोबर आहे, हवालदारसाहेब. मोटर मुरबाडला असताना कुणीतरी पट्टी फिरवली. मोटरच नाही, म्हणजे आवाजही नाही. बाबांनी बंद समजून एक दाबलं, आणि वायरींत वीज आली." ती प्रणितकडे वळली. "तूही एकच दाबलं असतंस, तर वीज गेली नसती. तू डी दाबलंस. पट्टी उलटी आहे हे फक्त फिरवणाऱ्याला ठाऊक होतं."

प्रणित पुटपुटला, "सगळ्यांनी प्लॉट बंगलेवाल्यांना दिले. काकांना एक सही जड होती…"

हवालदारांनी त्याचं मनगट धरलं.

ते गेल्यावर कुणालीने पट्टी सरळ केली. डी दाबलं. बल्ब लागला. मग तिचं बोट वरच्या कोपऱ्यात गेलं. तिथला आकडा बाबांच्या बोटानं पार पुसला होता.

बल्ब विझला. तिने बोट उचललं नाही.