घटाबाहेरचा तीळ

"यंदा मी मरनार नाही!"

हातातली कुरड्यांची परात वच्छलाबाईनं ओसरीवर अशी आपटली, की दोन कुरड्या उडून थेट कोंबडीपुढे जाऊन पडल्या. अंगणात ताज्या शेणसड्यावर गोल रेघ ओढून बसलेले वामनराव मास्तर मूठभर ज्वारीसकट जागच्या जागी थिजले. चुलीपासून दारापर्यंत आलेल्या त्यांच्या बायकोच्या, पुष्पाबाईंच्या हातातलं उलथनं हवेतच राहिलं. अखजीचा, अक्षय्य तृतीयेचा सण, पितरांच्या घागरी नुकत्या भरून झालेल्या, चिंचगुळाच्या चिंचोणीचा वास घरभर सुटलेला… आणि घरातल्या सर्वांत वडील, सर्वांत सोशिक बाईच्या तोंडी हे असं अभद्र!

"अक्का… अगं, सणासुदीचं काय बोलतेस हे?"

"खरं तेच बोलून राह्यली. इतक्या दिवाळ्या मेली, बिनबोभाट मेली. आता नाही. तुह्या वाचकायले म्हन, यंदा तुम्ही मरा!"

कुणाला वाटेल, उन्हाचा तडाखा बसला असेल. पण बाईचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. जानेफळच्या शाळेत शिकवणारा हा तिचा धाकटा भाऊ कथा लिहीत असे, आणि त्याच्या प्रत्येक कथेत एक थोरली बहीण असे! शुभ्रवसना, मूक, समईच्या ज्योतीसारखी तेवणारी… भावासाठी आयुष्याची होळी करून ती शेवटच्या पानावर नेमानं प्राण सोडी. एकदा क्षयानं, एकदा विहिरीत पडलेल्या भाच्याला वाचवताना, आणि एकदा तर काही न होता नुसत्या वेदनेनं. आधी ती नागपूरच्या दिवाळी अंकात मरायची. महाराष्ट्र राज्य झालं तशी मुंबईच्या अंकात मरायला लागली, बढती म्हणायची ती एवढीच! आणि जाता जाता म्हणे, "भाऊराया, या अभागिनीच्या चितेवर तुझ्या यशाचं एक फूल वाहा!"

खऱ्या वच्छलाबाईनं जन्मात कुणाला भाऊराया म्हटलं नव्हतं. ती म्हणे, "काऊन बे वामन्या, जेवतं का झाकून ठेवू?"

पण सगळंच खोटं असतं तर हसून सोडता आलं असतं. लग्नाच्या वर्षातच नवरा तापानं गेला आणि वच्छला माहेरी परतली, हे खरं. मागोमाग आई गेली, बाप गेला, आणि रांगता वामन तिच्या कडेवर आला, हेही खरं. तिनं निंदण केलं, कापूस वेचला, भाऊ खामगावला शिकायला गेला तेव्हा दर आठवड्याला घाट उतरणाऱ्या कापसाच्या गाडीबरोबर भाकरीचं गाठोडं धाडलं. त्याच्याही कितीतरी आधी, वामन कडेवर असतानाच, मामाच्या गावचा, सुलतानपूरचा तुळशीराम तिला पाटासाठी विचारायला आला होता. कुणब्याच्या घरात विधवेचा पाट लागणं म्हणजे काही आभाळ फाटणं नव्हे. पण तुळशीरामच्या आईनं निरोप दिला होता, 'पोरीनं एकटीनं यावं, शेपूट नको.' शेपूट म्हणजे वामन! वच्छलानं कडेवरच्या पोराचं नाक पदरानं पुसलं आणि म्हणाली, "वामन मोठा होऊ द्या." तुळशीरामनं दोन सुग्या वाट पाहिली… मग आईनं त्याचं लग्न लावून दिलं.

ती रडली नाही. कामं पडली होती.

खरं संकट कोसळलं ते वामन मोठा लेखक झाल्यावर! बाजारात बाया तिच्या पाया पडू लागल्या. तिला पाहिलं की गुळाच्या दुकानातल्या गप्पा थांबत. अमरावतीचा एक वाचक तर कथेतल्या बहिणीच्या समाधीवर वाहायला नारळ आणि पांढरं लुगडं घेऊन जानेफळात उतरला. त्याला चहा द्यायला समाधीच बाहेर आली, तसा तो बसल्या जागी असा आडवा झाला, की त्याला कांदा हुंगवून मोटारीत बसवावं लागलं! आणि सर्वांत वाईट म्हणजे भाजीवाली झुंबरबाई तिच्याशी भाव करेना. घासाघीस हा वच्छलाबाईचा आयुष्यातला एकुलता एक शौक. तिनं वांगी महाग म्हणावं आणि झुंबरबाईनं कमरेवर हात ठेवून तिचा उद्धार करावा, त्यात काय सुख होतं! आता ती हात जोडून म्हणे, "तुमच्यासारख्या देवीपाशी मी काय बोलू, माय? न्या तशीच." देवी रिकाम्या मनानं वांगी घेऊन घरी येई.

जातीनं मना केलं नव्हतं, गावानं मना केलं नव्हतं… पाटाचं दार सताड उघडं होतं. ते लावून घेतलं ते भावाच्या दौत-टाकानं, आणि वरून त्याला हार घातला!

आणि अशातच गेल्या बाजारी लसणाच्या ढिगापाशी मागून आवाज आला.

"काऊन वं वच्छे, झाला का तुझा वामन मोठा?"

तुळशीराम! केस पांढरे, कमरेत जरा वाकलेला, पण डोळ्यांतला खट्याळपणा तोच. बायको जाऊन वर्षं झाली होती, आई त्याही आधी गेली होती, एकुलती लेक नांदायला गेली होती. त्याला वाचता येत नव्हतं. म्हणूनच या पंचक्रोशीत वच्छलाबाईच्या पाया न पडणारा तो एकटाच माणूस उरला होता. ती हसली… इतक्या मोठ्यानं हसली, की झुंबरबाईचे जोडलेले हात आपोआप सुटले!

"अखजीच्या दुसऱ्या दिवशी दमनी घेऊन येतो," तो म्हणाला. "हाव म्हन, नाही म्हन. पन तिसऱ्यांदा येनं होनार नाही. गुडघे राह्यले नाहीत."

उद्या तो दिवस होता, त्याची बैलांची दमणी दारात येणार होती. आणि घरात तिनं अजून शब्द काढला नव्हता.

इकडे अंगणात वामनचं वर्षाचं भाकीत मांडणं चाललं होतं. घाटाखाली भेंडवळला अखजीच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात, गोलात धान्यं ठेवतात, आणि रात्रीतून कोणतं धान्य कुठं हललं ते पहाटे पाहून वर्षाचं भाकीत सांगतात. वामननं ते लहानपणी पाहिलं होतं; लेखक झाल्यावर त्यानं घरच्या अंगणात कथांचा घट सुरू केला. मधोमध घागरीऐवजी शाईची दौत, दौतीवर पापड. भोवती गहू म्हणजे प्रेमकथा, ज्वारी म्हणजे विनोदी, सरकी म्हणजे शाळेच्या गॅदरिंगचं नाटुकलं. आणि तीळ म्हणजे अक्काची कथा. जे रेघेच्या आत राहील ते यंदा लिहायचं. जे बाहेर गेलं ते सोडायचं. इतक्या वर्षांत गहू किती वेळा उंदरानं नेला, ज्वारी चिमण्यांनी. तीळ मात्र कधी हलला नव्हता.

"अक्का," वामन तिची समजूत काढत म्हणाला, "यंदा तर कथा नाही, अख्खी कादंबरी आहे. मुंबईचे संपादक मागे लागलेत. तुझा त्याग साऱ्या महाराष्ट्राला कळेल! पहिल्या प्रकरणापासूनच तुला बारीक खोकला लावतो, म्हणजे शेवट अचानक वाटणार नाही."

"मले खोकला नाही, वामन्या."

"कादंबरीत आहे ना!"

त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं, आणि तिथंच बिचारीची जीभ अडली. इतक्या भक्तिभावानं पाहणाऱ्या भावाला कसं सांगावं, की तुझ्या देवीला सुलतानपूरला जायचंय? चूल मांडायचीय, कुणाशी तरी भांडायचंय, कुणाला तरी हसवायचंय? हा जन्मभराचा त्याग एका दमणीत घालून निघून जाते म्हणावं, तर त्याचा विश्वासच कोलमडेल… तिनं परात उचलली. कोंबडीपुढच्या कुरड्या तेवढ्या गेल्याच.

दिवेलागणीला घरात कुणी नव्हतं. वच्छलाबाई घटापाशी आली. तिळाचा लहानसा ढीग रेघेच्या आत निमूट बसला होता, अगदी तिच्यासारखा! तिनं इकडेतिकडे पाहिलं. घट हलवणं पाप, हे ती पोरवयापासून ऐकत आली होती. तरी तिनं बोट टेकवलं, आणि तो ढीग सरकवला… हळूच… अजून जरा… रेघेपर्यंत. रेघेवर येताच बोट थांबलं. पुढं जाईना! भावासाठी घाटावरून गाठोडी धाडणाऱ्या त्या हाताला स्वतःसाठी बोटभर अंतर ओलांडवेना. "देवा, तुह्या मनात असन तर वारा सोड," एवढं पुटपुटून, पदर तोंडात कोंबून ती घरात पळाली.

वारा सुटला नाही. उन्हाळ्यातली ती रात्र झाकण घातल्यासारखी गेली.

पहाटे फटफटताना ती बाहेर आली, तर वामन आधीच घटापाशी उकिडवा बसलेला. शेजारी पुष्पाबाई, डोळ्यांना पदर.

"अक्का, ये. यंदाचं भाकीत ऐक." त्याचा आवाज कथाकथनाच्या वेळी असतो तसा धीरगंभीर होता, पण मधेच फाटत होता. "गहू जागेवर. ज्वारी जागेवर. सरकी थोडी विखुरली, नाटुकलं पडेल. आणि तीळ…"

तीळ रेघेवर नव्हता! रेघेपलीकडे त्याची एक बारीक ओळ निघाली होती, तुळशीवृंदावनाला वळसा घालून, गोठ्यावरून, सरळ फाटकापर्यंत. आणि फाटकाबाहेर, सुलतानपूरच्या वाटेला, चिमूटभर तीळ नीट ढीग करून ठेवले होते.

"मुंग्यायनं नेला असन," ती कशीबशी म्हणाली.

"मुंग्या वृंदावनाला प्रदक्षिणा घालत नाहीत, अक्का." वामननं सारवणावरची खूण दाखवली. ताज्या शेणावर एका बोटाची ओढ स्पष्ट उमटली होती, आणि ती रेघेवर येऊन थांबली होती. "इथपर्यंतचं बोट तुझं. इथून पुढचं माझं. रात्री ही खूण पाहिली आणि मी हिला उठवून विचारलं. लसणाच्या ढिगापाशी तू हसलीस हे साऱ्या बाजाराला माहीत, अक्का! फक्त या लेखकाला माहीत नाही!"

"वामन्या, मी… मी तुले सोडून…"

आणि मग त्या विद्वान मास्तरची सगळी छापील भाषा गळून पडली. तो तिच्या पायांशी बसला, पण देवीच्या पाया पडतात तसा नाही. लहानपणी मांडीवर डोकं ठेवायचा तसा.

"मले भेव वाटे, अक्का! तू गेली तर माह्यं कसं होईन… म्हनून गोष्टीत तुले मारत राह्यलो! मेली म्हनजे जात नाही ना मानूस… इथंच राह्यतं, फोटोत राह्यतं! पन तू जिती आहेस वं… तू त माह्यासाठी साऱ्या उमरीचा घाट उतरली, अन् सोतासाठी ही एवढीशी रेघ नाही वलांडली!"

वच्छलाबाईच्या डोळ्यांतून इतक्या वर्षांचं साठलेलं पाणी धो धो वाहिलं. तिनं त्याचं डोकं छातीशी धरलं. पुष्पाबाई दोघांना बिलगल्या. आणि ती तिघं त्या विस्कटलेल्या घटाभोवती अशी रडली, की शेजारची शालूबाई 'कोन गेलं व माय?' म्हणत धावत आली.

"कोनी नाही गेलं," वच्छलाबाई नाक पुसत म्हणाली. "मी जाऊन राह्यली. सुलतानपूरले."

शालूबाई फाटकातून सुटली ती गावभर सांगायला.

आणि काय सांगावं! छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून नेला, तशी ती माउली हलकी झाली. श्वास घेतला तर तो पोटापर्यंत गेला.

"अक्का," वामननं बाहीनं डोळे पुसले, "पण मग कादंबरीत काय लिहू? संपादक वाट पाहताहेत."

"लिव्ह, का बाई गेली. अन् जाताना जेवून गेली हे बी लिव्ह. तुह्या गोष्टीतल्या बाया कधीच जेवत नाहीत बे! उपाशीच मरतात, म्हनून तर मरतात."

"आणि त्यांना खोकला?"

"खोकला संपादकाले लाव."

पुष्पाबाई रडता रडता खुदकन हसल्या आणि चिंचोणी गरम करायला आत वळल्या. "अक्का, हिरव्या काठाचं लुगडं काढून ठेवलंय," त्या जाता जाता म्हणाल्या. "बाजार झाला त्याच दिवशी काढलं होतं."

एवढ्यात वाटेवर घुंगरं वाजली. दमणी फाटकाशी थांबली. बैलांना दटावत तुळशीराम उतरला, एक गुडघा धरून, मग दुसरा धरून. फाटकाबाहेरचे तीळ त्यानं पाहिले, काही कळलं नाही, पण अन्न आहे म्हणून पाय न देता बाजूनं वळून आला. अंगणात तीन रडकी तोंडं पाहून त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. आपल्याला उत्तर मिळालं असं त्याला वाटलं असावं. तरी धीर करून, टोपी हातात घेऊन, त्यानं जन्मभर जपलेला तो एकच प्रश्न विचारला.

"वच्छे… झाला का वामन मोठा?"

वच्छलाबाईनं भावाकडे पाहिलं. मिशीवर आसवं, नाक वाहतं, हाताच्या बोटाला अजून चार तीळ चिकटलेले. तिनं पदराच्या टोकानं त्याचं नाक पुसलं, कडेवर होता तेव्हा पुसायची तसंच, अगदी शेवटचं… आणि फाटकाकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाली,

"हाव! आत्ताच झाला. आज पाहाटी."