केतकीआत्याचं वाढलेलं एक किलो

मिरजेच्या शिर्के व्यायामशाळेत वजन उचलण्याच्या स्पर्धेआधी दोन महिने वजनकाट्यावर टॉवेल टाकून ठेवायची पद्धत होती. रोज आकडा पाहिला की मन खचतं, असं शिर्के सरांचं मत. आणि २०५८ सालीही त्या मताला कोणी हात लावला नव्हता. स्पर्धा तीन दिवसांवर आली तेव्हा टॉवेल निघाला, केतकीआत्या काट्यावर चढली. छप्पन किलो शंभर ग्रॅम. तिचा गट पंचावन्नचा.

सरांनी आधी आत्याकडे पाहिलं, मग तिच्या अकरा वर्षांच्या भाचीकडे. "लाडू कोणी पुरवले?"

"मी नाही," मृण्मयी म्हणाली. तिच्या हनुवटीला दाण्याचा कूट लागला होता, त्यामुळे बाजू जरा लंगडी पडली.

"लाडू तिनंच खाल्ले," टिपणीस म्हणाला. टिपणीस म्हणजे तिथला नोंदी ठेवणारा यंत्रमानव. कोणी किती जोर काढले आणि किती काढल्याचं सांगितलं, हे तो वेगवेगळं लिहायचा. म्हणून त्याला सहसा कोणी काही विचारत नसे. "आत्याचं जेवण तेवढंच आहे. वाढलंय ते बहुतेक पाणी."

मृण्मयीनं आत्याच्या पोटाकडे पाहिलं.

"तिथं नाही, स्नायूंत. डॉक्टरांना विचारून ती दोन महिने रोज छोटा चमचा क्रिएटिन (स्नायूंत मुळातच असणारा पदार्थ) घेतेय. शरीर ते थोडं स्वतः बनवतं, थोडं मांस-मासळीतून मिळतं. आत्या शाकाहारी, त्यामुळे साठा कमी होता. क्रिएटिन पेशीत शिरताना पाणीही ओढून नेतं."

"मग घ्यायचं कशाला?"

"बार उचलताना एटीपी (पेशीची वापरायला तयार शक्ती) दोन-तीन सेकंदांत संपत येतं. त्याचा फॉस्फेट नावाचा तुकडा गळतो. क्रिएटिन असे तुकडे जवळ बाळगतं आणि एकेक परत जोडून देतं. जोर आणखी काही सेकंद टिकतो."

"म्हणजे ताकद पावडरीची," सर पुटपुटले.

"नाही सर. पावडर खाऊन बसून राहिली असती, तर पाणीच वाढलं असतं. आधी ती एका दमात पाचदा उचलायची, आता सातदा. ताकद त्या रोजच्या दोन जादा उचलींची."

"मलाही एक चमचा," मृण्मयी म्हणाली.

"तुझं वाढतं वय. तुला डाळ, दूध आणि झोप."

सरांनी हिशेब मांडला. "तीन दिवस पाणी तोडू. उतरेल."

मृण्मयी काट्यासमोर उभी राहिली. "पण सर, ते पाणी स्नायूंचंय ना? सुकवलेल्या आत्यानं उचलायचं काय? वरच्या गटात नाव घाला की."

"एकोणसाठच्या गटात साताऱ्याची पोरगी आहे," आत्या हळूच म्हणाली. "नव्वद उचलते."

"तू परवा अठ्ठ्याऐंशी उचललंस," टिपणीस म्हणाला, "आणि वर हसलीस."

सरांनी नाव बदललं, तोंड मात्र दिवसभर फुगवून ठेवलं.

स्पर्धेत साताऱ्याच्या मुलीनं नव्वद उचलले. आत्याची शेवटची उचल एक्याण्णवची. बार छातीवर आला, क्षणभर थांबला, वर गेला. आत तुकडे भराभर जोडले जात असणार, मृण्मयीला वाटलं. हात ताठ राहिले. तीन पांढरे दिवे लागले; तिन्ही पंचांनी उचल मान्य केली.

आत्या खाली उतरली ती घामानं निथळत, थेट भाचीकडे. "पुढल्या वर्षी छोट्यांच्या गटात उतरतेस?"

"उतरते," मृण्मयी म्हणाली. "आधी बार कसा धरायचा ते दाखव."