पहिल्या हाकेला ओ

मंगळवार होता आणि दुपारचे दोन वाजून सतरा मिनिटं झाली होती. वेळ पक्की ध्यानात आहे, कारण फोनवर तेवढीच शेवटची दिसली आणि मग पडदा काळा झाला.

मी फक्त एक बटण दाबलं होतं. गॅसवर ध्रुवसाठी नाचणीचं सत्त्व शिजत होतं. एका हातात पळी होती, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं मी 'आता करा' दाबलं. मनस्विनी मॅडमचा निरोप चार दिवसांपासून येत होता, की फोनला मोठं अपडेट आलंय. नेहमीचं बारीकसारीक नाही, फोनचा सगळा मेंदूच बदलणार. ते केलं नाही तर दाराचं कुलूप फोनवरून चालायचं नाही. खाली लहान अक्षरात लिहिलं होतं, एकदा केलं की मागं जाता येणार नाही. मी सातवीपर्यंत शिकलेली आहे, मराठी नीट वाचते. ते वाचूनच दाबलं.

घर आमचं नव्हतं. बेंगळुरूत सर्जापूर रोडवरच्या त्या बिल्डिंगमध्ये चौदाव्या मजल्यावर मॅडमचा फ्लॅट होता. मॅडम परदेशात. आम्ही स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत राहायचं, बाकीचं घर झाडून पुसून ठेवायचं, भाडं काही द्यायचं नाही. बसवंत, म्हणजे माझे मालक, लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला होते. सकाळी सातला गेले की रात्री आठला यायचे. फोन मॅडमनीच दिलेला, कारण त्या दाराला किल्लीच नव्हती. फोनवर बोट ठेवलं की कुलपात करकर वाजायचं आणि दार उघडायचं.

मजल्यावर सहा फ्लॅट, त्यातले चार विकलेच गेले नव्हते. बाहेरच्या बोळातले दिवे माणूस चाललं तरच लागायचे. दिवसभर तिथं अंधार असायचा, आणि त्या अंधाराला ओल्या रंगाचा वास. आमच्या मुलुखात, गडहिंग्लजकडं, दारात बसलं तरी दहा बायका बोलून जातात. इथं मी दहा महिन्यांच्या पोराशी बोलायची. त्याला तरी काय कळणार.

फोन तीन वाजता जागा झाला. आणि मराठीत बोलला.

"नमस्कार. आता मी तुमच्याशी मराठीत बोलू शकते. तुमचा आवाज ओळखू द्या. तुमचं नाव तीन वेळा म्हणा."

मी म्हटलं. नयना, नयना, नयना. रिकाम्या हॉलमध्ये स्वतःचंच नाव घेताना कसंतरीच वाटलं.

पण खरं सांगते, मला बरं वाटलं. ती फोनमधली बाई फक्त माझ्याच आवाजाला ओ द्यायची. दूध आणायची आठवण करायची, ध्रुवच्या लसीच्या डोसाची तारीख सांगायची. पोर कडेवर आणि हातात पिशव्या असल्या की मी नुसतं "दार उघड" म्हणायची, ती म्हणायची, "हो, उघडते." बसवंतांनी बोलून बघितलं तर गप्प.

"बायकोसारखाच आहे फोन," ते म्हणाले. "मी बोललो की ऐकूच येत नाही."

दोन दिवस मी तिच्याशी बोलले. नुसती कामाची बोलणी नाही. ध्रुव कधी झोपतो, कुठल्या कुशीवर झोपतो, कशाला घाबरतो. विचारलं नव्हतं तिनं. मीच सांगितलं. दिवसभरात माझ्याशी मराठीत बोलणारं तेवढंच एक होतं.

गुरुवारी दुपारी मी मागच्या गॅलरीत लंगोट वाळत घालत होते. ध्रुव खोलीत झोपलेला. फोन हॉलमध्ये चार्जिंगला. तिकडून आवाज आला.

"हं, बोला."

मी थांबले. मी काही बोलले नव्हते.

थोडा वेळ काहीच नाही. मग ती म्हणाली, "ध्रुव."

परत थोडा वेळ.

"दहा महिन्यांचा."

मग, "नाही. बसवंत आठ वाजता येतात. आत्ता दोघंच आहेत."

प्रश्न ऐकू येत नव्हते. नुसती उत्तरं. आणि प्रत्येक उत्तराच्या आधी तेवढीच जागा सुटत होती, जेवढी माणसाला विचारायला लागते.

माझ्या अंगावर काटा आला तो दुसऱ्याच गोष्टीनं. माझी आई सांगायची, भर दुपारी कुणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्यालाही नाही. आपल्याच माणसाच्या आवाजात ती हाक येते. जिवंत माणूस तिसऱ्यांदा हाक मारतं, 'ती' मारत नाही. ओ मिळाली नाही की वाट बदलून जाते. हे माझ्या हाडात बसलंय. बसवंत अजून चिडवतात, की तीनदा हाक मारेपर्यंत आमचं जेवण थंड होतं. मी कधी चुकले नाही.

फोननं पहिल्याच हाकेला ओ दिली होती. माझ्या वतीनं.

रात्री यांना सांगितलं. ते हसले, मग फोन घेऊन बसले. त्यात सगळी बोलणी लिहून राहतात म्हणे. त्यांनी दुपारची काढून दाखवली. उत्तरं होती, मी ऐकली तश्शी. प्रश्नांच्या जागा कोऱ्या. पण प्रत्येक कोऱ्या जागेपुढं लिहिलं होतं, आवाज ओळखला: नयना.

"हे बघ, तूच विचारलंस."

"मी नाही विचारलं."

"मग दुसरी कोण नयना आहे इथं?"

ते माझ्याकडं बघत राहिले, डॉक्टर बघतो तसे.

"दिवसभर एकटी असतेस," मग हळूच म्हणाले. "काहीबाही वाटतं माणसाला. मी ते ऐकायचं बंद करून टाकतो, मग तर झालं?"

त्यांनी माझ्यासमोर बंद केलं. झोपताना त्यांनी ध्रुवला माझ्या कुशीतून उचलून आपल्याजवळ घेतलं. का घेतलं ते मला कळलं. आणि त्या रात्री मला भुतापेक्षा जास्त भीती त्याची वाटली, की पोराला काही झालं तर सगळे म्हणतील, आईनंच केलं.

शुक्रवारी सकाळी मी समोरच्या फ्लॅटमध्ये गेले. तिथं भाग्यलक्ष्मी अक्का अधूनमधून लेकाकडं येऊन राहायच्या, आदल्या रात्रीच आल्या होत्या. त्यांचं घराणं शेकडो वर्षं बेंगळुरूचं, बसवनगुडीतलं. घरात मराठीच, पण कानडी मिसळलेलं.

"काय गं, ऊट झालं का? जेवलीस का म्हणते मी. स्वल्प बस. तोंड का असं आंबट ताक प्याल्यासारखं?"

मी सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

"आमच्याकडे दारावर खडूनं लिहायचे. नाळे बा. म्हणजे उद्या ये. ती येते, वाचते, परत जाते. दुसऱ्या दिवशी परत तेच वाचते. बाळंतपणात गेलेली, वेडी असते गं बिचारी, सांगितलेलं ऐकते. घरातल्यांनी ओ दिली नाही तोवर उंबरा तिचा नाही."

"ओ फोननं दिली, अक्का."

"तुझ्या नावानं दिली ना?"

मी मान हलवली. त्यांनी ध्रुवच्या टाळूवरून हात फिरवला, आणि बराच वेळ काढलाच नाही.

"सरी, बरं," म्हणाल्या. "यजमानांना सांग, आजच इथून हला. आणि दुपारी माझ्याकडे येऊन बस. पोरासकट."

मी दीडला जाणार होते. पण ध्रुवला कणकण आली आणि तो मांडीवर पडून राहिला, झोपेना, रडेना. म्हटलं, जरा डोळा लागला की उचलून नेऊ. मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसले. खोलीचं दार उघडं होतं, तिथून हॉलचा तुकडा दिसायचा आणि पुढच्या दाराचा अर्धा भाग. कुठंतरी खालच्या मजल्यावर फरशी कापत होते. ते थांबलं. मग नुसता पाण्याच्या टाकीचा आवाज.

हॉलमधून फोन बोलला. नेहमीचा आवाज, गोड.

"तुमचा फोन अद्ययावत झाला आहे. राहिलेलं काम पूर्ण झालं. सर्व सोयी पुन्हा सुरू केल्या आहेत."

मला उठायचं होतं. फोन खिडकीतून फेकायचा होता. पण त्याच वेळी वास आला... ओव्याच्या धुरीचा. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवतात ना, निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा, त्याचा. ध्रुव तीन महिन्यांचा झाल्यापासून मी धुरी केली नव्हती. आणि त्या फ्लॅटमध्ये तर निखारा करायला जागाच नव्हती.

"हं, बोला."

मी ध्रुवला छातीशी धरलं.

"नाही... झोपला नाहीये."

टाकीचं पाणी बंद झालं.

"नयनाच्या मांडीवर आहे."

फोनला मी कुठं बसलेय ते दिसत नव्हतं. मधे भिंत होती.

मग बराच वेळ काही नाही. इतका, की मला वाटलं गेली. मला माझाच श्वास ऐकू येत होता, आणि ध्रुवचा, तापानं गरम.

"हो," फोन म्हणाला. "उघडते."

कुलपात करकर वाजलं. दार आत आलं, हळू, कुणीतरी पोर उठू नये म्हणून लोटतं तसं. बाहेरच्या बोळातला दिवा लागलेला होता. तिथं कुणी नव्हतं.

ध्रुवनं मान वळवली. दाराकडं बघितलं. मग त्याची नजर सरकायला लागली, दारापासून सोफ्यापर्यंत, सोफ्यापासून जेवणाच्या टेबलापर्यंत, एका लयीत. टेबलापासून आमच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत. तिथं थांबली. मग वर गेली, उभ्या माणसाच्या तोंडाकडं जाते तशी.

तो हसला. आणि म्हणाला, "ओ."

त्याच्या तोंडून तोवर एकही शब्द आला नव्हता. आई नाही, बाबा नाही.

मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. इतका जोरात, की गालावर बोटं उठली. तशीच उठले आणि पळाले. उंबरा ओलांडताना अंगाला ऊब लागली, शेगडीजवळून गेल्यासारखी. मागं बघितलं नाही. अक्कांचं दार मी पायानं वाजवलं. त्यांनी उघडलं नाही... पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा वाजवलं तेव्हा उघडलं. माझं तोंड बघून मला आत ओढलं आणि कडी लावली.

त्या रात्री बसवंतांनी ध्रुवच्या गालावरची माझी बोटं बघितली. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाले, "राहू दे, नको सांगूस." विश्वास बसला नाही त्यांचा. अजून नाही. पण महिन्याच्या आत त्यांनी तो फ्लॅट सोडला, माझ्यासाठी म्हणून. तोवर दुपारी मी पोराला घेऊन अक्कांकडंच बसायची. फोन मॅडमच्या माणसाला देऊन टाकला. आता आम्ही के. आर. पुरमला एका खोलीत राहतो, रेल्वेच्या बाजूला. भाडं देतो. दाराला साधी लोखंडी कडी आहे. माझ्याकडं फोन नाही.

ध्रुव आता दीड वर्षाचा आहे. चालतो, खातो, अंगानं बरा आहे. पण दुपारी खेळता खेळता मधेच मान वर करतो. मला काही ऐकू येत नाही. त्याला येतं. मी त्याच्या तोंडाकडं बघत असते. ओठ गोल व्हायला लागले, की तो बोलायच्या आधी मी ओ देते. मोठ्यानं. त्याच्याऐवजी मी. मग तो परत खेळायला लागतो, आणि खोलीत जराशी ऊब येऊन जाते.

आधी दिवसातून एकदा व्हायचं. आता तीन-चारदा होतं. यांना मी सांगत नाही. ते मला दवाखान्यात नेतील आणि दुपारी पोराजवळ कुणी राहणार नाही.

परवा मी नळावर होते, ध्रुव पाठीला बांधलेला. परत आले तर बसवंत लवकर येऊन दारात उभे होते, हाक त्यांनी गल्लीच्या टोकावरूनच मारली होती. मला म्हणाले, "काय गं, आज सुधारलीस. एका हाकेत ओ दिलीस आतून."

दाराला बाहेरून कडी होती. मीच लावून गेले होते.

म्हणून हे लिहून ठेवलं. ज्यांच्या घरी तान्हं मूल आहे आणि फोनला ते मोठं अपडेट आलंय, त्यांना एवढं सांगा, की फोनमधल्या त्या बाईला स्वतःचा आवाज देऊ नका. एकटं वाटलं तरी देऊ नका. आणि माझ्या ओळखीचं कुणी इकडं आलं तर त्यांना सांगा, नयनाला नावानं हाक मारू नका. नुसती कडी वाजवा. मी हल्ली पहिल्याच हाकेला ओ देते, कुणाची आहे ते न बघता.