तांबूस ताऱ्याचा अंदाज

चष्म्याची काडी तुटली म्हणून ती दुकानात शिरली, आणि बसल्या बसल्या कुरकुरली, "आधीच एका माणसाने डोकं उठवलंय!"

"कोण हो तो?" चष्मेवाल्याने स्क्रू पिळत विचारलं.

"आमच्या आकाशनिरीक्षण मंडळाचा सभासद. सुपरनोव्हा किती उजळ दिसतो ते नुसत्या नजरेने ठरवून कळवतो. मी सगळ्यांचे आकडे कॅमेऱ्याशी ताडून बघते. फुटलेला तारा विझत चाललाय, आणि याला आपला झगझगीतच दिसतोय! काढूनच टाकते त्याचे आकडे."

स्क्रू हातातून निसटला. "तो... मीच."

ती ओशाळली नाही, हसली. "चष्मेवाले असून? बघता तरी कसे, दाखवा."

संध्याकाळी ती त्याच्या गच्चीवर आली. त्याची आई जिन्यातूनच म्हणाली, "तुम्हीच सांगा हो बाई, माझं कुठे ऐकतोय!" त्याने दुर्बिणीला डोळा लावला तो हलेचना.

"अहो, पुरे! तांबूस झालाय तो तारा. टक लावली की लाल रंग डोळ्यात साठत जातो, मग आहे त्याहून उजळ वाटतो. नजर टाकायची, शेजारच्या ताऱ्याशी तुलना करायची — की काढून घ्यायची."

"मग जुने आकडे बदलू?"

"मुळीच नाही. दिसलं ते दिसलं. चूक एकसारखी असेल तर मला वजा करता येते. सारवासारव केलीत, तर सगळंच वाया."

त्याचे आकडे यादीत राहिले. तीही येत राहिली, आळीपाळीने दोघं बघत. तारा मंदावत गेला तसा चष्मेवाला मनात दिवस मोजायला लागला. तारा संपला, की हिचं येणंही संपलं!

एका संध्याकाळी दुर्बिणीत शेजारचे तारे होते, तो नव्हता. 'आहे अजून जरासा...' शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्याने आणखी काही संध्याकाळी मिळाल्या असत्या. पण मग हिच्याशी आयुष्यभर खरं काय बोलायचं?

"नाही दिसत," तो म्हणाला. "गेला."

तिने नोंदवही मिटली.

"मला तर कधीचाच दिसत नाहीये."

"आं? मग बोलला नाहीत ते?"

"माझं ऐकून तुमचा अंदाज बिघडला असता ना."

"आणि रोज येत होतात... ते?"

"ते..." ती चष्मा पुसायला लागली. तो स्वच्छच होता. "त्याला तारा लागतो, असं कोण म्हणालं?"

चष्मेवाल्याने दुर्बिणीला झाकण लावलं. खालून आईने दोनदा हाक मारली, पण दोघंही खाली उतरायचं नाव घेईनात.